बाण घरीच जोडताना

तयार कार्बन बाणांचा डझन शिक्षकाच्या पगाराला जड जातो, म्हणून लेकीचे बाण आम्ही घरीच जोडतो. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी १७ वर्षांची असताना बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून मुरूडच्या आमच्या घरात हे वेड शिरले.

सामान फार नाही: नळ्या, नॉक, टोके, पिसे, गोंद आणि पिसे सरळ चिकटवायचा जिग. नळी मात्र धनुष्याच्या ताणानुसार घ्यावी. तिच्यावरचा ५०० किंवा ६०० हा आकडा लवचिकपणाचा. आकडा मोठा तितकी नळी मऊ. कापायला हॅक्सॉ नको, तंतू उसवतात. वेगाने फिरणारी घासचकती हवी आणि तोंडावर मास्क. ती काळी धूळ छातीत जाता कामा नये. आम्ही अंगणात कापतो, पोरांना आत पाठवून. आमच्या दमट हवेत सुपरग्लू चटकन आवळतो, तेव्हा टोक एका दमात बसवावे.

नेक नियतीने बाण बनवणाराही त्या बाणामुळे जन्नतचा हकदार होतो, असे हदीसमध्ये आले आहे. या नियतीची कसोटी तडकलेल्या बाणापाशी लागते. नेम धरण्यापूर्वी बाण अंगापासून दूर धरून, फिरवत हलका वाकवावा. करकर ऐकू आली की तो बाण संपला. तडकलेली नळी सुटताना फुटते आणि तिचे तुकडे हातात घुसतात.

"अब्बा, एवढीशी तर चीर आहे, स्पर्धेपुरता चालेल," लेक म्हणाली. आम्ही पक्कडीने नॉक काढून घेतला आणि नळी टाकून दिली. ती दोन दिवस बोलली नाही. स्पर्धेला आठ बाणांवर गेली.