थोडक्यात वाचलो!

परवा ऑफिसात एक गंमत झाली. म्हणजे आता गंमत म्हणतोय, तेव्हा घाम फुटला होता. टीममधल्या नवीन मुलाने टेस्ट डेटाबेस समजून थेट ग्राहकाच्या चालू डेटाबेसवर टेबल उडवायची कमांड टाईप केली. एंटर मारणार एवढ्यात सर्व्हरचं नाव दिसलं. बिचारा आपणहून सांगायला आला, तर मी सगळ्यांसमोर खेकसलो, "डोळे फुटले होते का?" वर म्हणालो, "वाचलो ना? मग विषय संपला."

शनिवारी विमानांच्या 'निअर मिस'बद्दल वाचत बसलो आणि कळलं, विषय संपलेला नाही.

३१ जानेवारी २००१. जपानच्या आकाशात जपान एअरलाइन्सची दोन विमानं एकमेकांच्या वाटेत. खाली जायची सूचना ९५८ ला द्यायची, पण शिकाऊ कंट्रोलरच्या तोंडून गेलं ९०७. त्या विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र सांगत होतं 'वर जा'. कॅप्टनने कंट्रोलरचं ऐकलं. तिकडे ९५८ च्या यंत्राने सांगितलं 'खाली जा'. झालं! दोन्ही विमानं खाली. ऐनवेळी ९०७ च्या कॅप्टनने समोरचं विमान बघून हुकवलं. दोन्हींत मिळून ६७७ माणसं. बरेच जखमी झाले, गेलं कोणी नाही. जिवावरचं बोटावर निभावलं.

पण प्रश्न उरलाच. यंत्र एक सांगतं, कंट्रोलर दुसरं, ऐकायचं कोणाचं? त्याचं ठाम उत्तर ठरायच्या आत, १ जुलै २००२ ला, जर्मनीत युबरलिंगेनवर तोच गोंधळ झाला. या वेळी विमानं आदळली. ७१ माणसं गेली. त्यानंतर कुठे 'यंत्राचंच ऐका' हा नियम जगभर पक्का झाला.

जपानच्या दोन कंट्रोलरांवर खटला चालला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषीच धरलं. अमेरिकेत मात्र १९७६ पासून वैमानिक आपली चूक नासाला कळवू शकतो. नासा त्याचं नाव काढून टाकते. चूक नकळत झालेली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा शिक्षाही होत नाही. खरी मेख पुढेच आहे: शिक्षा करणारं खातं वेगळं, ऐकून घेणारी नासा वेगळी.

आमच्याकडे ऐकून घेणारा मीच आणि खेकसणाराही मीच. तो मुलगा पुढच्या वेळी कशाला सांगेल?

असो. सोमवारी त्याची माफी मागणार आहे, सगळ्यांसमोरच. मग दोन्ही सर्व्हरच्या खिडक्या हुबेहूब सारख्या का दिसतात, ते बघू. आणि हो, माझाही असाच एक किस्सा आहे, पाच वर्षं कोणाला सांगितलेला नाही. सुरुवात त्यानेच करीन म्हणतो.