झिराबागेतला चहा

देवळाच्या अग्रशाळेत उतरण्याची सवय असलेल्या माणसास राजवाड्यातील हॉटेलात चहा पिण्याचा योग आला, तर तो जरा बावरतोच. मंगेशीस किंवा कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या आवारात आपण राहतो ते देवाच्या घरचे पाहुणे म्हणून. खोलीसाठी काही द्यावे लागले तरी ते भाडे वाटत नाही. हॉटेलात मात्र सारा संबंध बिलापाशी संपतो, अशी आमची आजवरची समजूत. धारला ती समजूत थोडी ढळली.

आमचे आजोळ धारचे. मामांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांना देवासच्या टेकडीवरील तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही देवींचे दर्शन घडवून आम्ही इंदूरमार्गे धारला परतत होतो. वाटेत देवासच्या गोष्टी निघाल्या. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून तेथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक खासगी चिटणीस म्हणून राहिला. वाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने आतून पाहिला, आणि 1953 साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात तो सारा काळ जगापुढे मांडला.

मामा म्हणाले, "त्या काळी वाडा आतून पाहायचा, तर राजाचा पाहुणा तरी व्हावे लागे, नाहीतर नोकर तरी."

मामांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, धार संस्थानच्या खासगीकडे कारकून होते. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि ती नोकरीही संपली. मांडूच्या रस्त्यावरील झिराबाग वाड्याशी मामांचा संबंध एवढाच, की लहानपणी ते वडिलांचा डबा घेऊन फाटकापर्यंत जात. हा वाडा जुनाच. एकोणिसाव्या शतकात तो नव्याने बांधला गेला, आणि 1940 नंतरच्या दशकात महाराज चौथे आनंदराव पवार यांनी त्यास आर्ट डेको धर्तीचे साधे, नेटके रूप दिले. पुढे त्याचे हेरिटेज हॉटेल झाले. "एकदा आत चहा घेऊ या," असे आम्हीच सुचविले.

मामांनी पायरीशी वहाणा काढल्या. आत येऊन ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले.

"मामा, बसा ना."

"इथे?" एवढेच ते म्हणाले.

चहा आणणारा मुलगा माळवीत बोलणारा, आसपासच्या गावचाच असावा. त्याने किटली खाली ठेवली, खुर्ची मागे ओढली आणि आपल्या आजोबांस धरावे तसे मामांस धरून बसविले. हे त्यास कोणी शिकविले नसावे. निदान ते बिलात लिहिले जाणार नव्हते. चहा ओतून तो जवळच रेंगाळला. मामा त्यास डब्याची हकीकत सांगू लागले आणि तो मन लावून ऐकत राहिला.

बिल आले. "एवढ्यात घरी महिन्याचा चहा होईल," म्हणून मामा हसले. आम्ही खिशात हात घातला, तो त्यांनी धरला.

"राहू दे. माझ्या वडिलांनी या वाड्याचा पगार घेतला. आज या वाड्याला पैसे मी देतो."

त्या बोलण्यात राग नव्हता, गर्वही नव्हता. ऋण फिटल्याचे समाधान तेवढे होते. आजवर आम्ही मानीत आलो की पैसा आला की आतिथ्य गेले. पण जे दार मानावाचून उघडत नसे, ते पैशाने कारकुनाच्या मुलास उघडले होते. आतिथ्य मात्र पैशाने आणले नव्हते. ते त्या पोराच्या हातांत होते. ज्याच्या हातांत असते, तो ते अग्रशाळेतही देतो आणि राजवाड्यातही.

बाहेर आलो तेव्हा मामांच्या वहाणा उन्हातून उचलून कोणीतरी सावलीत ठेवल्या होत्या.