शब्दाच्या डोक्यावर शब्द

सातारा

चि. मुक्तास,


रविवारी फोनवर तू विचारलंस, "आत्या, लिंडिसफार्नच्या त्या साधूंनी व्हायकिंगांचं काय बिघडवलं होतं गं?" तेवढ्यात ओम रडायला लागला आणि तू फोन ठेवलास. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

बिघडवलं काहीच नव्हतं. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटावरच्या मठाला ना तट, ना पहारा. आत भक्तांनी वाहिलेलं सोनं-चांदी. समुद्रातून येणाऱ्याला ते दार सताड उघडं. ८ जून ७९३ ला ते आले. काहींना मारलं, काहींना धरून नेलं. धर्माच्या वैरापेक्षा लुटीचाच लोभ मोठा. पुढे आयोना बेटावर ८०६ मध्ये ६८ जण मारले गेले.

पण माझं मन अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. ८७५ मध्ये लिंडिसफार्नच्या साधूंनी बेट सोडलं, तेव्हा संत कथबर्टची शवपेटी बरोबर घेतली आणि कातड्याच्या पानांवर लिहिलेला शुभवर्तमानांचा ग्रंथही. कितीतरी वर्षं वणवण केली. पुढच्या शतकात चेस्टर-ली-स्ट्रीटला ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्यातल्या लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत आपल्या बोलीतले शब्द लिहिले. शुभवर्तमानांचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं इंग्रजी भाषांतर ते हेच.

हे वाचलं आणि तुझे आजोबा डोळ्यांपुढे आले. मी चौथीत असेन, की पाचवीत. कंदिलापाशी विष्णुसहस्रनामाची पोथी उघडून ते एकेका नावावर मराठी अर्थ लिहीत. तुझ्या आजीला संस्कृत येत नव्हतं म्हणून. कॉपिंग पेन्सिल जिभेला लावायची, मग लिहायचं. सकाळी चहा पिताना ओठावर जांभळा डाग तसाच. आई पदराने पुसायची, तो जायचा नाही.

ओम परवा मला "हाय" म्हणाला. आजीआत्या म्हणायला शिकव गं त्याला. त्याच्या गोष्टीच्या पुस्तकात रोज चार शब्दांवर पेन्सिलीने मराठी लिही. वेळ नाही म्हणू नकोस. आणि दुपारचं जेवण चुकवू नकोस, आवाज फार थकलेला वाटला.

पोथी तुझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवली आहे. डिसेंबरात आलीस की घेऊन जा. मोठ्या बॅगेत टाकू नकोस, जवळच्या पिशवीत ठेव.

तुझी,
आत्या