चाकांवरच्या घरांतून दिवेआगरास

प्रवासास निघतांना मनुष्यानें घर मागें ठेवावें, हा आजवरचा रिवाज. परंतु घरच बरोबर घेऊन निघण्याचा योग गेल्या मार्गशीर्षांत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्यें, आम्हां मंडळींस आला. अशा फिरत्या घरांविषयीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें, तेव्हां श्रीमंतांची हौस म्हणून मीं तें वर्तमानपत्र बाजूस ठेविलें होतें. ती हौस आमच्या दारीं आली, ती मात्र वहिनींच्या गुडघेदुखीमुळें.

माझ्या थोरल्या वहिनींचें माहेर दिवेआगरचें. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले. माहेरच्या घराच्या पायऱ्या उंच व शौचकूप वाडीच्या पार टोकास. त्यामुळें सहा वर्षांत त्यांचें तिकडे जाणें झालें नव्हतें. मधल्या काळांत, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या टापूंतील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसांत आडव्या झाल्या. वहिनींच्या बंधूंची वाडीही त्यांत गेली. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतों. तोंपर्यंत दरवर्षीं त्यांच्याकडून सुपारीची पुरचुंडी येत असे, आणि आमच्या घरच्या प्रत्येक पूजेंत गणपति म्हणून तीच सुपारी मांडली जाई. वादळानंतर पुरचुंडी थांबली व दादांचें पुण्यास येणेंही थांबलें. "रिकाम्या हातानें बहिणीकडे कसा येऊं?" एवढेंच ते टेलिफोनवर म्हणत.

पुतण्यानें अखेर युक्ति काढली व तें चाकांवरचें घर भाड्यानें आणलें. आंत चौघांची निजण्याची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी, आणि मुख्य म्हणजे एक इवलेंसें शौचगृह! शेगडी पाहून मला मौज वाटली. संस्कृतांत स्वयंपाकघरास 'महानस' म्हणतात, आणि त्यांतील 'अनस्' या शब्दाचा अर्थ गाडा. चुलीचें व चाकाचें हें नातें भाषेस किती जुन्या काळापासून ठाऊक आहे, हें मी समजावून सांगूं लागलों, तोंच आमची मंडळी म्हणाली, "व्युत्पत्ति पुरे. डबे आंत ठेवा."

खोपोली, पेण करीत आम्ही अलिबागेस उतरलों. माझ्या बाळपणीं या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हें नांव १९८१ सालचें. कोंकणचा किनारा पाहावा तो याच दिवसांत. पावसानें धुतलेली हिरवळ अद्याप पुरती वाळलेली नसते, हवेंत उकाडा नसतो, आणि उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले कुरव ओल्या वाळूवर पांढरी रांग धरून बसलेले असतात. रेवदंड्यास कुंडलिकेचा पूल ओलांडला, कीं कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याशीं कांहीं ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घरांत बोलतात. राज्य गेलें, भाषा राहिली!

पहिली रात्र काशीदजवळ एका खानावळीच्या अंगणांत, मालकांस विचारून काढिली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फणसाडच्या जंगलांत गेलों. एके काळीं जंजिऱ्याच्या नवाबाचें हें शिकारीचें रान. १९८६ पासून अभयारण्य आहे. वहिनी गाडींत खिडकीशीं बसून राहिल्या, आणि आम्ही तिघें आंत फिरून आलों. उंच फांदीवर एक शेकरू दिसला. शेपटासह हात-दीड हाताहून लांब, तांबूस पाठीचा हा जीव महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय.

आगरदांड्याहून दिघीपर्यंत मोटारी वाहून नेणारी बोट आहे, म्हणून राजपुरीच्या खाडीचा लांब वळसा वाचतो. घर गाडींत, गाडी बोटींत, बोट पाण्यांत. आणि त्या घरांत वहिनी हातांत जपमाळ घेऊन बसलेल्या! माळेचे मणि मात्र सरकत नव्हते. "भाऊजी, पडलेली वाडी मला बघवेल का हो?" त्यांनीं विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं.

दिवेआगर हा फार जुना गांव; शके ९८२ चा मराठी ताम्रपट येथें मिळाला आहे. जुन्या गांवाच्या गल्ल्याही जुन्या, म्हणजे बैलगाडीपुरत्या. आमचें घर दादांच्या बेड्यापाशींच अडलें. दादा काठी टेकीत बाहेर आले. आमची व्यवस्था ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "बाये, माहेरीं येऊन गाडींत निजणार?"

कोणास त्रास नको म्हणून हा बेत मीच केला होता. पण या प्रश्नानें मी ओशाळलों. वहिनी मात्र शांतपणें म्हणाल्या, "दादा, निजेन गाडींत, पण जेवेन तुझ्या माजघरांत. ही गाडी नसती, तर माझें येणेंच झालें नसतें."

मग बहीणभाऊ एकमेकांच्या आधारानें वाडींत गेलीं. जेथें लहानपणीं पोफळीच्या विरीवर बसवून दादांनीं त्यांना ओढलें, तेथें आतां मोकळें आकाश होतें. "या वाडींत मीं ऊन कधीं पाहिलें नव्हतें," वहिनी म्हणाल्या. दादांनीं बोट दाखविलें. केळींच्या सावलींत पोफळीचीं नवीं झाडें ओळीनें उभीं होतीं. पोफळीच्या रोपास कडक ऊन सोसत नाहीं, म्हणून आधीं केळ लावावी लागते. आणि फळ धरावयास पांच ते सात वर्षें वाट पाहावी लागते. ऐंशीच्या घरांत असलेल्या मनुष्यानें त्या पावसाळ्यांतच तीं रोपें लावलीं होतीं! एका झाडास पहिला फुलोरा आला होता. वहिनींनीं त्या खोडावर हात ठेविला व बराच वेळ तेथेंच उभ्या राहिल्या.

ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं एखाद्या हिवाळ्यांत हा प्रवास अवश्य करावा. मात्र गाडी वाळूंत घालूं नये, वापरलेलें पाणी किनाऱ्यावर सोडूं नये, आणि मुक्काम करण्यापूर्वीं जागेच्या मालकास विचारावें. घर बरोबर असलें म्हणजे दुसऱ्याच्या दाराची गरज उरत नाहीं, अशी माझी समजूत होती. त्या दारापर्यंत पोंचविणें, हेंच या घराचें खरें काम, हें मला दिवेआगरीं कळलें.

तीन दिवसांनीं निघतांना दादा म्हणाले, "सुपारी धरली, कीं पुरचुंडी घेऊन मीच येतों."

वहिनी म्हणाल्या, "त्याआधींच ये. सुपारी मागाहून येईल."