कोयत्याऐवजी सुई

मुलामुलींनो, तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी आहे का, जी दिवाळीनंतर येते आणि उन्हाळा लागला की दिसेनाशी होते? आमच्या इस्लामपूरकडे अशा मुली येतात. हा कृष्णाकाठ, इकडं ऊस फार. साखर कारखाने सुरू झाले, की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. शिवाराच्या कडेला त्यांच्या खोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळते घरातली मुलगी.

अशीच एक मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आली. कडेवर भाऊ. तो रडला, की ती मुकाट्यानं उठून बाहेर जायची. आणि मी काय केलं, माहीत आहे? तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि पंधरा दिवस ‘ए बीडवाली’ अशी हाक मारली. बाईच असं म्हणतात म्हटल्यावर मुलंही तसंच म्हणू लागली. आज हे लिहितानाही लाज वाटते.

एक दिवस मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगत होते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला आणि मुलीलाही संस्कृत शिकवलं. त्या काळी हे केवढं धाडस! पण दुष्काळ पडला. झाडाचा पाला खायची वेळ आली. थोड्याच दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ. दोघं देशभर पायी हिंडले. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुढं त्यांचं लग्न झालं, पण दोन वर्षांतच पती वारले. पदरात एक लहान मुलगी.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी ‘शारदा सदन’ काढलं आणि पुढं ते पुण्याला नेलं. १८९३ साली मोठा गदारोळ झाला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती करणार, असं लोक म्हणू लागले. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. अडलेल्याला आसरा देताना धर्म मध्ये यावा का, हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजही विचारावा असा आहे. मोठेपणी वाचा आणि आपलं मत आपणच बनवा.

पण रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांना ठेवलं. तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या सुमारास तिथं जवळजवळ २००० जणी होत्या! त्यांना नुसतं जेवूखाऊ घातलं नाही. कुणी शिवण शिकली, कुणी विणकाम, कुणी शेती, तर कुणी छापखान्यात खिळे जुळवायला. अंध मुली बोटांनी ब्रेल लिपी वाचू लागल्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, पण केडगावचं काम आजही चालू आहे.

गोष्ट संपली. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “मंग बाई, त्या पोरींना कोयता नाही धरावा लागला?”

वर्ग गप्प. मीही गप्प. दुष्काळाची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, पण कळली होती ती तिलाच.

त्या दिवसापासून मी तिला नावानं हाक मारू लागले. शनिवारी शाळा सुटल्यावर सुईदोरा घेऊन बसायचं ठरवलं. मुलगेसुद्धा बसले बरं का! तिनं भावाच्या सदऱ्याला दोन गुंड्या लावल्या आणि दिवसभर त्याला मिरवलं.

मग पट्टा पडला. टोळी गावी निघाली. जाताना तिनं सुई मागून घेतली आणि झग्याच्या कडेला टोचून ठेवली. पुढच्या हंगामात ती टोळी आमच्याकडं आलीच नाही.

मुलांनो, दोन गुंड्यांनी कुणाचं आयुष्य बदलत नाही, हे मला कळतं. रमाबाईंनी छप्पर, शाळा आणि हाताला काम, तिन्ही एकत्र दिलं होतं. मी दिली नुसती सुई, तीही उशिरा. आता ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आहे. अडचणीतल्या मुलामुलींसाठी १०९८ हा फुकट फोन आहे. तो पाठ करून ठेवा आणि इतरांनाही सांगा.

आणि हो, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला आधी तिचं नाव विचारा. मला पंधरा दिवस लागले. तुम्ही उद्याच विचारा.