बाटलीत काम चालू आहे

बिअरबद्दल आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात: गार आहे का? कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या मेन रोडवर एप्रिलच्या उन्हात फिरून आलेल्या माणसानं तो विचारावा, हे बरोबरच आहे. बर्फाला टेकून ठेवलेली बाटली काढायची, घसा बधिर होईपर्यंत प्यायची आणि पंख्याखाली पाय पसरायचे. चव कशी होती हे कुणी सांगत नाही, कारण चव लागायच्या आत जीभ सुन्न झालेली असते. एवढा गारवा वास झाकतो, गोडवा झाकतो आणि कडूपणाही निम्मा झाकतो.

बेल्जियममधल्या ऑर्व्हल या बिअरला असा गारवा चालत नाही. करणारे सांगतात की ती बारा ते चौदा अंशांना प्यावी, म्हणजे कोल्हापुरातल्या जानेवारीच्या पहाटेइतकी गार. ब्रसेल्सला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्यानं तिच्या दोन बाटल्या आणल्या. एक काही महिन्यांपूर्वी भरलेली, दुसरी जवळपास दोन वर्षं मुरलेली. बाटल्या टेबलावर ठेवतानाच त्यानं बजावलं, "मामा, लई गार करू नका. आणि तळाचा गाळ हलवू नका, तो शेवटाला बघू."

बाटली छोटीशी, ३३ सेंटिलिटरची, खाली फुगीर आणि वर निमुळती. लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा. गोष्ट अशी सांगतात, की टस्कनीच्या माटिल्डाची अंगठी झऱ्यात पडली, तिनं प्रार्थना केली आणि एक ट्राउट मासा ती तोंडात धरून वर आला. त्या झऱ्याच्या खोऱ्यात अकराव्या शतकात ऑर्व्हलचा मठ उभा राहिला. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी तो जाळला. नंतर सव्वाशेहून अधिक वर्षं तिथं नुसते अवशेष होते. १९२६ मध्ये बांधकाम पुन्हा सुरू झालं, दगडाला आणि गवंड्यांना पैसा लागू लागला, म्हणून १९३१ मध्ये मठाच्या आवारातच बिअरचा कारखाना निघाला. ज्यांच्या नावानं आमची पेठ वसली ते राजाराम महाराज तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर होते. इकडे पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा आकड्यांच्या गल्ल्या आखल्या जात असतील, तिकडे साधू भिंती चढवायला बिअर विकत होते. मौन पाळणाऱ्या त्या माणसांनी हा उद्योग इतक्या निगुतीनं केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुद्द्याचं. या बिअरमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात आणि त्यांचं वागणं एकमेकांच्या उलट आहे. पहिली हॉप्स. या वेलीच्या हिरव्या कणसांतूनच बिअरला कडूपणा येतो. उकळताना घातली की कडूपणा उतरतो आणि नंतर न उकळता, थंड टाकीत टाकली की वास उतरतो. ऑर्व्हलमध्ये दोन्ही केलं जातं. दुसरी गोष्ट ब्रेटॅनोमायसिस, थोडक्यात ब्रेट, नावाचं रानटी यीस्ट. नेहमीच्या यीस्टनं आपलं काम उरकल्यावर, बाटल्या भरायच्या वेळी हे घालतात. हॉप्सचा वास पहिल्या दिवशी सर्वात तेज असतो आणि महिन्यागणिक ओसरतो. ब्रेट पहिल्या दिवशी गप्प असतं आणि महिन्यागणिक बोलू लागतं. एक उतरत असतं, दुसरं चढत असतं. बाटली कधी उघडली यावर तुम्ही काय प्यायलात ते ठरतं. लेबलवर भरल्याची तारीख छापलेली असते आणि मुदत पाच वर्षांची. तारीख आधी वाचायची आणि मग ओपनर हातात घ्यायचा.

रानटी म्हणजे मोकाट, असं समजायचं कारण नाही. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. त्याआधी साऱ्या जगातली बिअर ही यीस्टच्या मिश्र जमावाचीच करणी होती. हॅन्सनमुळे बिअर वेळेवर, एकसारखी आणि खात्रीची होऊ लागली. पण त्याच कार्ल्सबर्गमध्ये १९०४ मध्ये निल्स क्लाउसेन यांनी दाखवलं, की इंग्रजांच्या मुरवलेल्या बिअरला जी खास चव यायची ती या शुद्धीत बाहेर घालवलेल्या एका यीस्टची होती. त्यांनी त्याला वेगळं काढलं आणि नाव दिलं. दारातून बाहेर काढलेल्याला एकवीस वर्षांनी नाव विचारून परत बोलवावं, असा हा प्रकार.

तरीही वाइन करणाऱ्यांना ब्रेट नकोच असतं. लाकडी पिंपात ते शिरलं तर हटता हटत नाही, आणि थोडं जास्त झालं की द्राक्षाचा वास दाबून गोठ्याचा वास येतो. बिअर करणारेही त्याला वचकून असतात. एकदा पाइपांत आणि टाक्यांत बसलं तर शेजारच्या साध्या बिअरलाही लागण होते. ऑर्व्हलच्या साधूंनी मात्र त्याला घरात जागा दिली आणि ते कुठपर्यंत फिरेल याची सीमा आखून दिली.

आंबवलेलं काही आमच्या जिभेला नवं नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीहून यल्लम्माची माणसं परत आली, की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात असा नैवेद्य डोक्यावर घेऊन बायका येतात. माझी आई ज्वारीचं पीठ ताकात कालवून गाडग्यात रात्रभर ठेवायची आणि झाकण कापडाचं असायचं. सकाळी कापड उचललं की वर बुडबुडे आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. तिथं काम करणारे जीव मुख्यतः ताकातले, दुधातल्या साखरेचं आम्ल करणारे जिवाणू. धान्य, पाणी, उबदार रात्र हे सगळं आंबिलीत आहे आणि बिअरमध्येही आहे. मग ऑर्व्हल आंबट का नाही?

उत्तर हॉप्समध्ये आहे. हॉप्समधली कडू द्रव्यं त्या आंबट जिवाणूंना वाढू देत नाहीत. यीस्टला, मग ते माणसाळलेलं असो की रानटी, त्यांचा फारसा त्रास होत नाही. म्हणून हॉप्सनं भरलेल्या बिअरमध्ये जिवाणूंची वाट बंद होते आणि ब्रेटला मोकळं रान मिळतं. हा कडूपणा नसता तर साधूंच्या टाकीत आंबिलीचीच एक मावसबहीण तयार झाली असती. रानटी यीस्ट म्हणजे आंबट बिअर अशी समजूत सर्रास ऐकू येते आणि ती इथं साफ खोटी ठरते. मला या बिअरमधलं सर्वात सुंदर काय वाटत असेल, तर ही कडू पहारेदारी.

आधी ताजी बाटली उघडली. ग्लास तिरका धरून सावकाश ओतली तरी फेस उसळून वर आला, पांढरा, दाट, जागचा न हलणारा. खाली रंग नारिंगीकडे झुकलेला तांबूस, किंचित गढूळ. नाक खाली नेलं तर संत्र्याची साल, ओलं गवत, थोडी मिरी. पहिल्या घोटात माल्टचा गोडवा क्षणभर जाणवला आणि लगेच कडूपणानं जिभेची मागची बाजू धरली. स्वच्छ, टणक कडू. भाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी दुसरा घोट घेतला. कडू ज्याला आवडतं त्याला पहिल्या घोटात भीती नसते, आणि कोवळ्या मेथीच्या जुड्या कच्च्या खाणाऱ्या घरात मी वाढलो आहे.

मग जुनी. फेस आणखी उंच, कारण ब्रेट नेहमीच्या यीस्टनं सोडून दिलेली साखरही शोधून खातं आणि बाटलीत वायू वाढतच राहतो. संत्र्याची साल नाहीशी झालेली. तिच्या जागी आधी अननसाच्या कडेचा वास आला, मग थोड्या वेळानं, ग्लास हातात कोमट होऊ लागला तसा, चामड्याचा. हा वास मी ओळखला. चप्पल लाइनीत नवी कोरी कापशी चप्पल पायात घालून बघताना जो वास येतो, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा, तो. परदेशी जाणकार याला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात. रसायनशास्त्रात त्याचं नाव चार-इथाइलफिनॉल; धान्याच्या टरफलातलं एक आम्ल मोडून ब्रेट ते तयार करतं. ही माहिती असूनही वासाची जादू कमी होत नाही, उलट आपल्या गावातली एक जुनी कारागिरी आणि एका मठातलं यीस्ट नाकाच्या एकाच कोपऱ्यात जाऊन बसतात याचा आनंद वाढतो.

चवीत गोडवा उरला नव्हता. जिभेवर आली तशी पसरली, कोरडी झाली आणि निघून गेली. मागे चुन्यासारखी किंचित खरखर. कडू होतं, पण मवाळ. भाच्याला ताजी जास्त आवडली. मला जुनी. ताजीत हॉप्स काय ते एकदम सांगून टाकतात. जुनीत ऐकत बसावं लागतं, आणि ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. शेवटी त्यानं तळाचा गाळ वेगळ्या पेल्यात ओतला. मातकट, पिठूळ, आणि त्यात ते यीस्ट अजून जिवंत.

ते जिवंत असणं मला महत्त्वाचं वाटतं. आमच्याच जिल्ह्यात चंदगड-आजऱ्याकडे काजूची बोंडं पिकून झाडाखाली पडतात, आणि सीमेपलीकडे गोव्यात त्यांचा रस कुठलंही यीस्ट न घालता दोन-तीन दिवसांत आपला आपण आंबतो. सालीवर बसलेलं रानटी यीस्टच ते काम करतं. तो रस भट्टीवर चढला की पहिल्या धारेची उर्राक होते आणि पुन्हा काढली की फेणी. २००९ मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. फेणीचा वास मला प्रिय आहे. पण भट्टीत यीस्ट मरतं, त्याचा फक्त वास वर येतो. बिअरचं म्हणाल, तर त्याच २००९ साली पुण्यात डूलाली या छोट्या कारखान्यानं ताजी बिअर करायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रात अशा कारखान्यांची वाट मोकळी झाली. त्यांच्यापैकी कुणी चंदगडच्या बोंडांच्या सालीवरचं यीस्ट उचलावं, धीर धरून वाढवावं, भरपूर हॉप्स घालावेत आणि बाटल्या वर्षभर ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. ते यीस्ट चांगलं निघेल का, हे केल्याशिवाय कळणार नाही. पण काजूचा तो तिखट गोड वास आणि कडू हॉप्स यांचं जमेल, अशी माझ्या जिभेची खात्री आहे.

बरोबर काय खावं यावर आमचा वाद झाला. मठात चीजही बनतं आणि तिकडे या बिअरबरोबर तेच खातात. भाच्याचं म्हणणं, कोल्हापुरात बसून प्यायची तर तांबडा रस्सा हवा. मला ते पटत नाही. वायू आणि कडूपणा दोन्ही तिखटाला चिथावतात. मिरची दुप्पट जाळते आणि बिअर नुसती कडू लागते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि खसखस असते, ती या कोरडेपणाला हवी तेवढी स्निग्धता देते, आणि त्यातली मिरी-लवंग ब्रेटच्या मसालेदार बाजूशी जुळते. जुन्या बाटलीचा शेवटचा ग्लास मी पांढऱ्याबरोबर संपवला. भाचा अजून तांबड्याच्या बाजूचा आहे. पुढच्या खेपेला त्यानं ताजी बाटली आणली, की तिच्याबरोबर तांबड्याची वाटी मीच त्याच्यापुढे ठेवणार आहे.