स्लॅश सव्वीस

७ जुलै
मे महिन्यात कॉलेजच्या नेटवर्कचे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे चार भाग केले. १९२.१६८.१०.० पासून लॅबचा भाग, .६४ पासून ऑफिसचा. आज लॅबमधल्या एका मशीनवरून ऑफिसचा प्रिंटर लागेना. इंटरनेट चालू, शेजारच्या मशीनवरून प्रिंट निघते. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. शिपाईमामा कुलूप लावायला आले, तेव्हा उठलो.

८ जुलै
सापडलं! मशीनचा पत्ता .५०, प्रिंटरचा .७०. या मशीनवर मास्क जुनाच राहिला होता, २५५.२५५.२५५.०, शेवटी १९२ हवं होतं. जुन्या मास्कप्रमाणे सत्तर म्हणजे आपल्याच आळीतला, म्हणून मशीन राउटरकडे न जाता आळीतच हाका मारत होतं. प्रिंटर पलीकडच्या आळीत, त्याला ऐकू कसं जाणार? बाहेरचे पत्ते परके ठरत, ते राउटरकडे जात, म्हणून इंटरनेट बिनबोभाट चालू.

९ जुलै
तासाला हेच उदाहरण घेतलं. फळ्यावर एकाखाली एक:
५० : ००११००१०
७० : ०१०००११०
१९२ : ११००००००
मास्कमध्ये जिथे एक, तिथलं बिट ठेवायचं. जिथे शून्य, तिथलं पुसून शून्य करायचं. पुसल्यावर पन्नासाचं उरलं ०, सत्तरचं ६४. म्हणजे नेटवर्क वेगळी. स्लॅश २६ म्हणजे डावीकडून मोजलेले सव्वीस एक: पहिल्या तीन आकड्यांचे चोवीस आणि हे दोन. मुलं तक्ते पाठ करतात त्याचं मला वाईट वाटतं. बिटं मांडली की पाठ करायला काही उरतच नाही.
मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, शेवटी १६० का चालत नाही?" १६० म्हणजे १०१०००००. एकांच्या मधे शून्य! १९८५च्या सबनेटच्या नियमांत असा मास्क टाळावा एवढंच सुचवलं होतं. स्लॅशवाल्या प्रीफिक्समध्ये तर तो लिहिताच येत नाही, कारण तिथे एकच आकडा असतो. इतका नेमका प्रश्न वर्षभरात आला नव्हता.

१० जुलै
आज पत्त्यांच्या वर्गांची गोष्ट सांगितली. १९८१च्या पद्धतीत क वर्गात २५४ मशीन, ब वर्गात थेट ६५,५३४. तीनशे मशीनवाल्याने काय करायचं? १९९३मध्ये वर्ग मोडले आणि नेटवर्क व मशीन यांच्यामधली रेघ हव्या त्या बिटावर मारता येऊ लागली. तीनशेला स्लॅश २३ पुरतो.

११ जुलै
उरलेल्या मशीनचे मास्क तपासले. आणखी दोन जुने निघाले. प्रत्येक मशीनवर पत्त्याची चिठ्ठी डकवली, पुढे ठसठशीत /२६.